लेंडीखताची वाट: कुस्को ते सियुस्तानी, सात दिवस

दिवाळी झाली की माणदेशाकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या कृष्णाकाठी उतरतात. मोकळ्या रानात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावायची, त्यात मेंढरं बसवायची. दोन-चार रात्रींत रानभर लेंड्या पडतात आणि त्याच्या बदल्यात धनगराला धान्य नाहीतर पैसे मिळतात. हा व्यवहार मी कळायला लागल्यापासून बघत आले. पुढे पुण्यात पुरातत्त्व शिकले, उत्खननात सापडलेली जनावरांची हाडं ओळखायला शिकले. त्याच काळात कर्नाटकातल्या बुदिहाळचे राखेचे ढीग पाहिले. डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी तिथं उत्खनन केलं होतं. नवाश्मयुगातल्या गुरांचं शेण साठून, जळून झालेले ते ढीग. शेणातून इतिहास वाचता येतो हे तिथं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

मग कधीतरी वाचनात आलं, की पेरूमध्ये एका लहानशा तळ्याच्या चिखलातून लामांच्या, म्हणजे तिथल्या उंटाच्या कुळातल्या पाळीव जनावरांच्या, लेंड्यांचा हजारो वर्षांचा हिशेब निघाला आहे. तळ्याचं नाव मार्काकोचा. तेव्हापासून तिथं जायचं मनात होतं. या जूनमध्ये जमलं. सोबत थोरला भाऊ. दादा शेतकरी माणूस, ऊस आणि हळद करतो. "पेरणीचं पोरगा बघंल, पण मला जनावरं दाखव," एवढीच त्याची अट होती.

दिवस पहिला: कुस्कोत उतरलो आणि खाली गेलो

कुस्को ३४०० मीटरवर आहे. विमानतळाच्या दारातच दादाचं डोकं ठणकायला लागलं. आम्ही शहरात न थांबता गाडी करून थेट उरुबांबाच्या खोऱ्यात ओयांताइताम्बोला गेलो. ते २८०० मीटरच्या आसपास आहे. दोनेक तासांचा रस्ता. संध्याकाळपर्यंत दादाला बरं वाटलं.

जाणाऱ्यांना सांगते, पहिल्या दोन रात्री खोऱ्यात काढा आणि कुस्को शेवटी बघा. पहिल्या दिवशी जेवण हलकं ठेवा, जिने सावकाश चढा. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो, त्यानं बरं वाटतं. पण ती पानं सोबत घेऊन विमानात बसू नका. पेरूबाहेर ती बहुतेक ठिकाणी बेकायदा आहेत.

रात्री किन्वाचं सूप घेतलं. पातळ, वर बटाट्याच्या फोडी आणि कसलीशी हिरवी पानं. थंडीत कढत सूप घशाखाली गेलं आणि आम्ही नऊ वाजताच झोपलो.

दिवस दुसरा: मका आणि 'वानू'

ओयांताइताम्बोचा किल्ला आणि पायऱ्यापायऱ्यांची शेतं सगळेच बघतात, आम्हीही बघितली. पण मला जास्त आवडलं ते खालचं गाव. स्पॅनिश येण्याआधी इथं राज्य करणाऱ्या इंकांनी आखलेल्या गल्ल्या आजही वापरात आहेत आणि गल्लीच्या कडेनं दगडी पाटातून पाणी खळखळत जातं. दादा पाटाशी उकिडवा बसून पाण्याचा उतार बघत राहिला.

दुपारी एका दारावर लांब काठीला लाल प्लॅस्टिक बांधलेलं दिसलं. घरात चिचा तयार आहे, याची ती खूण. चिचा म्हणजे मोड आणलेल्या मक्याची आंबट, फेसाळ पेज, थोडी चढणारी. घरधनीण साठीची असेल. तिनं मोठे पेले भरले आणि पिण्याआधी चार थेंब जमिनीवर सांडले, पाचामामाला, धरणीमातेला. दादानं न सांगता तसंच केलं.

अंगणात मका वाळत घातला होता. या खोऱ्यातल्या मक्याचा दाणा अंगठ्याच्या नखापेक्षा मोठा असतो, पांढरा, पिठूळ. दादानं दाणा दातांनी फोडून बघितला आणि वाटाड्याकरवी विचारलं, "खत काय घालता?"

बाईनं एका शब्दात उत्तर दिलं, "वानू."

ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचं खत, हा शब्द जगभर गेला तो या क्वेचुआ भाषेतल्या 'वानू'वरून. म्हणजे खत, लेंडी, शेण. ती म्हणाली, आता मेंढ्यांचं आणि गाईंचं घालतो, आजोबांच्या काळात वरून लामांचं यायचं. 'वरून' म्हणताना तिनं हनुवटीनं उत्तरेकडची दरी दाखवली. आम्हाला दुसऱ्या दिवशी त्याच दरीत जायचं होतं.

दिवस तिसरा: मार्काकोचा

ओयांताइताम्बोच्या मागून पाताकांचा नदीची दरी वर चढत जाते. आमचा वाटाड्या तिथलाच, पंचविशीचा मुलगा. मार्काकोचाला जायचं म्हटल्यावर त्याला नवल वाटलं. "तिथं काहीच नाही," तो म्हणाला.

खरंच, बघायला गेलं तर काही नाही. ३३५५ मीटरवर, जेमतेम चाळीस मीटर रुंदीचं एक गोल, ओलसर कुरण. तळं कधीच गाळानं भरून गेलं आहे. पाऊल टाकलं की गवताखाली पाणी चुबकतं. भोवती इंकाकाळातल्या पायऱ्यांची शेतं, बाजूला उंचवटा आणि त्यावर जुन्या वस्तीचे अवशेष. उंचवट्याचं नाव हुचुय आया ओर्को, म्हणजे मृतांचा लहान डोंगर. दोन मेंढ्या आणि एक गाय चरत होती. फलक नाही, तिकीट नाही, कोणी माणूस नाही. मी मात्र त्या कुरणाच्या कडेला उभी राहिले आणि अंगावर काटा आला.

अ‍ॅलेक्स चेपस्टो-लस्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाळात नळी घालून खोलवरचा चिखल बाहेर काढला. सुमारे चार हजार वर्षांचा गाळ थरावर थर साठलेला. परागकण तपासले की कोणत्या काळात कोणतं पीक होतं ते कळतं, ही पद्धत जुनीच आहे. नवीन होतं ते त्यांनी मोजलेले कोळी. दादाला मी सांगितलं, पिकावर लाल कोळी पडतो ना, त्याच्या लांबच्या नात्यातला, पण निरुपद्रवी. एका मिलिमीटरहूनही लहान. ओल्या कुरणात, पडलेल्या लेंड्यांवर आणि कुजक्या पाल्यावर जगतो. जनावरं वाढली की लेंड्या वाढतात, लेंड्या वाढल्या की कोळी वाढतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यात वाहून येतात. त्यांचं कवच टणक असतं, चिखलात हजारो वर्षं टिकतं. प्रत्येक थरातले कोळी मोजले की त्या काळी तळ्याकाठी किती जनावरं चरत होती याचा अंदाज येतो.

सुमारे २७०० वर्षांपूर्वीच्या थरात दोन गोष्टी एकदम दिसतात. मक्याचे परागकण येतात आणि कोळी वाढतात. त्याआधी इथं किन्वासारखी, थंडीला तोंड देणारी पिकं होती. मका मुळात खालच्या उबदार मुलखाचा. साडेतीन हजार मीटरच्या जवळ, पातळ मातीत, दर वर्षी मका घ्यायचा तर जमिनीला खत हवंच. ते खत लामांनी दिलं. शिवाय लामांची एक सवय शेतकऱ्याच्या फार कामाची आहे. कळपातली सगळी जनावरं ठरावीक जागी जाऊनच लेंड्या टाकतात. रानभर वेचत फिरावं लागत नाही, एका जागी ढीग तयार असतो.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आधी लेंडी, मग कणीस, मग राजा."

मला इतकी वर्षं जे म्हणायचं होतं, ते त्यानं सात शब्दांत म्हटलं. मका साठवता येतो, वाहून नेता येतो, त्याची चिचा करून शेकडो माणसांना कामावर बोलावता येतं. इंकांचं राज्य पंधराव्या शतकात पसरलं ते साठवलेल्या धान्यावर आणि ते वाहणाऱ्या लामांच्या पाठीवर. मार्काकोचाच्या गाळात इंकाकाळात कोळी वाढलेले दिसतात आणि स्पॅनिश आल्यावर एकदम घटतात. वरचे कळप संपले, ते खाली चिखलात नोंदलं गेलं. पुढे युरोपातली गुरं-मेंढरं आली तेव्हा कोळी परत वाढले. लिपी नसलेल्या समाजाची ही बखर, आणि ती लिहिली ती मिलिमीटरएवढ्या किड्यांनी.

या तळ्याला जायचं असेल तर ओयांताइताम्बोहून गाडी ठरवा आणि नाव आधीच नीट समजावून सांगा. घोट्याच्या वर येणारे बूट हवेत. गवतात खड्डे करू नका, काही उचलू नका. कुरण जवळच्या लोकांचं आहे, कोणी भेटलं तर आधी विचारा.

दुपारनंतर तसेच वर पाताकांचा गावी गेलो, सुमारे ३८०० मीटरवर. एका विणकर बाईच्या घरी मुक्काम केला. इथं बाईला आदरानं 'ममाय' म्हणतात, म्हणजे 'माझी आई'. आम्हीही तेच म्हणायला लागलो. चुलीत जळत होत्या वाळक्या लेंड्या. तिकडे झाडं फार थोडी. लेंडीची आग मंद असते, धूर डोळ्यांना झोंबत नाही आणि तिच्या वासानं मला थेट आजीच्या गोवऱ्यांच्या चुलीपाशी नेलं.

रात्री बाहेर आलो तर पाण्याच्या बादलीवर साय धरावी तसा बर्फ धरला होता. आणि वर आकाशगंगा. आपल्याकडे मे महिन्यात दक्षिणेला क्षितिजालगत त्रिशंकू आणि शेजारी मित्र-मित्रक हे दोन ठळक तारे दिसतात. तिथं ते आकाशात बरेच वर आले होते. ममायच्या नवऱ्यानं बोट दाखवून सांगितलं, हे दोन तारे म्हणजे लामाचे डोळे. आपण ताऱ्यांना ताऱ्यांशी जोडून चित्र बघतो. इथले लोक आकाशगंगेतले काळे डाग बघतात. मित्र-मित्रकापासून वृश्चिकाकडे पसरलेला लांब मानेचा काळा आकार ही लामा, याकाना, आणि तिच्या पोटाशी पिणारं पिल्लू. १६०८ च्या सुमारास वारोचिरी भागात क्वेचुआत लिहून ठेवलेल्या हस्तलिखितात ही गोष्ट आहे. मध्यरात्री याकाना खाली उतरते आणि पाणी पिऊन टाकते, नाहीतर जग बुडालं असतं. एकदा ती मान दिसली की मग दिसायची थांबत नाही. आम्ही दोघं थंडीनं कुडकुडत बराच वेळ उभे होतो.

दिवस चौथा: कुंपण, गोंडे, मातीतले बटाटे

पहाटे लामांचं वाडगं बघायला गेलो. छातीएवढ्या उंचीची दगडांची नुसती रचलेली भिंत, चुना नाही की माती नाही. आत पंधरा-वीस लामा आणि काही अल्पाका. आम्ही जवळ गेलो तशा सगळ्या माना एकदम वळल्या आणि दाटल्या गळ्यानं हुंकार दिल्यासारखा आवाज आला. पायाखाली लेंड्यांचा जाड, मऊ थर. वर गोठलेला, खाली उबदार. दादानं हातात घेऊन चुरली, वास घेतला आणि म्हणाला, "शेळीच्या लेंडीसारखीच. कुजवून दिली तर हळदीला एक नंबर."

लामाचं पाऊल मी मुद्दाम जवळून बघितलं. दोन बोटं, खाली खुरांऐवजी उंटासारखी मऊ गादी. गाईच्या खुरानं उतारावरची माती सुटते, या गादीनं सुटत नाही. ओझं वाहायला लामा, लोकरीला अल्पाका. लामा पंचवीस-तीस किलो नेते आणि दिवसाकाठी पंधरा-वीस किलोमीटर चालते. जास्त लादलं की खाली बसते आणि ओझं कमी केल्याशिवाय उठत नाही. तिच्यावर कोणी बसत नाही आणि तिचं दूध कोणी काढत नाही. दादाला हे काही केल्या पटेना. हजारो वर्षं जनावर पाळायचं आणि धार काढायची नाही! ममायला विचारलं तर ती म्हणाली, दूध पिल्लाचं असतं.

मग बोलणं पिल्लांवर आलं. पिल्लं पावसाळ्यात होतात, जानेवारी ते मार्च. त्या वेळी कुंपणात चिखल होतो, पिल्लांना हगवण लागते आणि दोन दिवसांत मरतात. म्हणून पाऊस सुरू झाला की ती जनावरं दुसऱ्या, कोरड्या कुंपणात हलवते.

हे ऐकताना मी वही खाली ठेवली. कारण हीच गोष्ट मी हाडांमधून शिकले होते. मध्य पेरूतल्या हुनीनच्या पठारावर, ४४२० मीटर उंचीवर, तेलार्माचाय नावाचा एक शैलाश्रय आहे. दानिएल लावाले यांच्या पथकानं १९७० च्या दशकात तो खणला. तिथली हाडं तपासली जेन व्हीलर यांनी. खालच्या थरांत शिकारीची हाडं, सगळ्या वयाच्या जनावरांची. वर येता येता, सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या थरांत नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची हाडं फार वाढतात. शिकारी माणूस इतकी पिल्लं कशाला मारेल? व्हीलर यांनी अर्थ लावला तो असा, की जनावरं आता कुंपणात होती, कुंपणात घाण आणि चिखल होता आणि पिल्लं रोगानं मरत होती. पुढचे दातही साक्ष देत होते. विकुन्या हे यांचं एक रानटी भावंड. त्याच्या पुढच्या दाताला फक्त बाहेरच्या बाजूनं लुकण, म्हणजे दाताचं टणक आवरण, असतं आणि दात वाढत राहतो. लामा आणि तिचा रानटी भाऊबंद ग्वानाको यांच्या दाताला सगळीकडून लुकण आणि मूळ बंद. अल्पाकाचा दात या दोन्हींच्या मधला. अल्पाकासारखे दात तिथं सापडले. माणसाळवण्याची सुरुवात म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे माणूस आणि जनावर यांची मैत्री येते. तेलार्माचायमध्ये ती सुरुवात मेलेल्या पिल्लांवरून कळली. आणि त्यावर सहा हजार वर्षांत शोधलेला उपाय ही बाई सहज सांगत होती, कुंपण बदलायचं.

दोन-तीन लामांच्या कानांत रंगीत लोकरीचे गोंडे होते, लाल, गुलाबी, हिरवे. कानाच्या पाळीला भोक पाडून दोरा ओवलेला. कार्निव्हलच्या सुमारास जनावरांची पूजा होते तेव्हा हे घालतात. पोळ्याला बैलाच्या शिंगांना आपण गोंडे बांधतो तसेच. ममायनं एक जुना गोंडा आमच्यासमोर सोडवला. आत पाच पदर, प्रत्येक वेगळ्या पिळाचा. कोणत्या घरचं जनावर हे गोंड्याच्या रंगांवरून कळतं.

दुपारी खाली येताना एका बटाट्याच्या शेतात थांबवून घेतलं गेलं. जून म्हणजे काढणीचा महिना. ढेकळं रचून घुमटासारखी भट्टी केली होती, एका बाजूला लहान तोंड. आत काटक्या आणि वाळक्या लेंड्या जाळून ढेकळं लालबुंद तापवली, मग वरून दोन-चार ढेकळं काढून आत बटाटे ओतले आणि अख्खी भट्टी काठीनं ठेचून बटाट्यांवर पाडली. वर माती. याला वातिया म्हणतात. अर्ध्या तासानं उकरून काढले. जांभळे, पिवळे, गाठीगाठींचे बटाटे, सालीला भाजक्या मातीचा वास. सोबत मिरची आणि वाकाताय या झेंडूच्या कुळातल्या पानांचा ठेचा. हुरड्याच्या आगटीपाशी जसा गोतावळा बसतो तसे सगळे मातीत बसले होते. मला वातिया आवडली, दादाला तर इतकी आवडली की भट्टी रचायची पद्धत त्यानं पोराला फोन करून सांगितली.

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. बटाटे, मका, किन्वा, चीज, शेंगभाज्या भरपूर मिळतात. फक्त सूप सांगताना मांसाचं पाणी नको हे स्पष्ट सांगा. रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी भाजणारं ऊन, दोन्हींची तयारी ठेवा. घरी मुक्काम करणार असाल तर सुट्टे पैसे न्या आणि फोटो काढण्याआधी विचारा.

दिवस पाचवा: कुस्को

कुस्को आता सोसलं. कोरिकांचा हे इंकांचं सूर्यमंदिर, नावाचा अर्थ सोन्याचं आवार. 'कांचा' म्हणजे कुंपण घातलेली जागा. इथल्या बागेत सोन्याच्या लामा आणि सोन्याचे राखणदार होते असं जुन्या बखरकारांनी लिहिलं आहे. ते सगळं स्पॅनिशांनी वितळवलं. भिंती राहिल्या, आणि त्या इतक्या नेमक्या जोडलेल्या आहेत की नख घुसत नाही.

पण माझं मन रमलं ते संग्रहालयातल्या मुठीएवढ्या दगडी लामांपाशी. पाठीला वाटीसारखा खळगा. त्यात चरबी, कोकाची पानं असं काही ठेवून कळप वाढावा म्हणून कुरणात पुरायचे. त्यांना कोनोपा म्हणतात. हात लागून लागून दगडाला तकाकी आली होती.

शेजारीच खिपू होता, गाठी मारलेल्या दोऱ्यांचा झुबका. इंकांचे अधिकारी कळपांची मोजदाद यावर ठेवत. सूर्याचे कळप वेगळे, राज्याचे वेगळे, गावांचे वेगळे. काही डोंगराळ गावांत राखणदार विसाव्या शतकातही जनावरांचा हिशेब गाठींवर ठेवत होते. स्पॅनिश आले, दुष्काळापेक्षा वाईट दिवस आले. बेसुमार कत्तल, खाणींसाठी वेठबिगार, वर खरजेची साथ. खरूज लागलेलं जनावर ताबडतोब पुरून टाकायचं हा इंकांचा नियम होता. नियम पाळणारी व्यवस्थाच मोडली आणि शंभरेक वर्षांत बहुतेक जनावरं गेली. त्यांच्याबरोबर जातींची पारख गेली. दक्षिण पेरूत एल याराल इथं पुरलेल्या लामा-अल्पाकांच्या ममी सापडल्या, सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांच्या लोकरीचा तलमपणा आजच्या कळपांत मिळणं अवघड झालं आहे. याचं मला सोन्याहून जास्त वाईट वाटतं.

जूनमध्ये येणार असाल तर २४ तारखेच्या इंती रायमीच्या आसपास कुस्कोत खोली मिळणं कठीण असतं. आम्ही आधी निघालो.

दिवस सहावा: ला राया ओलांडून

कुस्को ते पुनो हा दिवसभराचा रस्ता. वाटेत राक्चीला इंकाकाळातली गोल कोठारं आहेत, दीडशेहून जास्त, रांगेत. दादानं एका कोठाराला प्रदक्षिणा घालून हवा खेळायची सोय कुठं आहे ते शोधलं.

ला राया खिंड ४३०० मीटरच्या वर. गाडीतून उतरलो तर वारा कानात शिरत होता. इथून पुढे झाडं संपली, पिवळं इचू गवत आणि त्यावर ठिपक्यांसारखे अल्पाका. एका बाजूला बर्फाचे डोंगर. खिंडीच्या परिसरात या जनावरांवर संशोधन करणारं केंद्र आहे. आत जायची परवानगी मी आधी काढायला हवी होती, ती राहिली याची हळहळ वाटली.

मग पुकारा. प्रवासी इथं मातीचे रंगीत बैल घेतात, घरांच्या छपरांवर जोडीनं बसवायचे. मी धावले संग्रहालयाकडे. दोन हजार वर्षांपूर्वी इथं मोठी वस्ती होती. त्यांच्या भांड्यांवर एक बाई पुन्हा पुन्हा येते, समोर तोंड केलेली, एका हातात दंड, दुसऱ्या हातात दोरी आणि दोरीला बांधलेली लामा. पुरुषाच्या चित्रांत वाघासारखं जनावर आणि कापलेली मुंडकी, बाईच्या चित्रात लामा. मी पाताकांचाच्या ममायला कुंपणाचं दार उघडताना पाहिलं होतं, एका हातात काठी, दुसऱ्या हातात दोरी. ती उभी राहिली होती अगदी तशी.

दिवस सातवा: सियुस्तानी

पुनोहून तासाभरावर उमायो तळ्याकाठी सियुस्तानीचे मनोरे आहेत, कोया लोकांचे आणि नंतर इंकांच्या काळातले. वर रुंद, खाली किंचित निमुळते, सगळ्यात उंच बारा मीटर. आत मृतांना बसवून ठेवत. दार लहान आणि पूर्वेला. हा मुलूख शेतीचा कमी, कळपांचा जास्त. स्पॅनिशांनी १५६७ मध्ये पलीकडच्या चुकुइतोची पाहणी केली तेव्हा लिहून घेतलं, की हुआन आलानोका नावाच्या एका माणसाकडे पन्नास हजारांहून जास्त जनावरं आहेत. आणि ही कत्तलीनंतरची गोष्ट.

तळ्याकडे बघत बसलो तेव्हा दादाला तितिकाका सरोवरातल्या खोआ या पाण्याखालच्या खडकाची गोष्ट सांगितली. २०१३ मध्ये तिथं पाण्याखाली उत्खनन झालं. इंकांच्या आधीच्या तिवानाकू लोकांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी सरोवराला वाहिलेलं सापडलं. सोन्याचे दागिने, शिंपले, पुमाच्या आकाराची धूपपात्रं आणि लामांची बळी दिलेली कोवळी पिल्लं. त्यांच्या कानांत घालायचे गोंडेही होते.

"तसलेच?" दादानं विचारलं.

ममायनं निरोपाला दिलेला गोंडा त्याच्या खिशात होता. त्यानं काढून तळहातावर धरला.

परतीच्या वाटेवर एका घरापाशी थांबलो. दगडी आवार, दारावर मातीचे दोन बैल. आजीबाईंनी उकडलेले बटाटे आणि सोबत पांढऱ्या चिकणमातीचं कालवण दिलं. ही माती खातात, बटाट्याचा कडूपणा मारते. चव खारट, गुळगुळीत. अंगणात चुन्यो पसरला होता, रात्रीच्या गोठणीत ठेवून दिवसा पायांनी तुडवून वाळवलेले बटाटे, गारगोटीसारखे टणक, वर्षानुवर्षं टिकणारे.

सव्वापाचच्या सुमारास सूर्य गेला. नातवानं जनावरं आणली. लामा, अल्पाका आणि थोड्या मेंढ्या, सगळे एकाच अरुंद दारातून. दादा सवयीनं मोजत होता, ओठ हलवत. सत्तावीस. आजीबाई मोजत नव्हत्या, दारात काठी टेकून नुसत्या बघत होत्या. शेवटची मेंढी आत गेल्यावर त्या नातवाला काहीतरी बोलल्या. वाटाड्यानं सांगितलं, पांढऱ्या तोंडाची तपकिरी लामा आलेली नाही.

पोरगा काही न बोलता परत फिरला. कमरेला लोकरीची गोफण, खिशात टॉर्च. टेकडीवर चढताना तो जिभेनं एक बारीक, लांबट हाक देत होता. आमच्या चालकाला अंधाराच्या आत पुनो गाठायचं होतं. गाडी वळली तेव्हा टॉर्चचा ठिपका तळ्याच्या बाजूच्या उतारावर फिरत होता आणि आजीबाई अजून दारातच उभ्या होत्या, कुंपणाचं दार न लावता.